मातीचे रंग आणि क्रूसावरचा ख्रिस्त : चित्रकार जामिनी रॉय

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जेवणाच्या मेजाजवळ भिंतीवर प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र लावलेले असते. बहुधा ती लिओनार्दो दा विंची या थोर इटालियन चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत असते. लहानपणापासून तेच चित्र पाहत आल्यामुळे प्रभूचे शेवटचे भोजन असेच झाले असणार, असे आपण मनोमन धरून चालतो. परंतु कोलकात्यातील एका चित्रकाराने हाच प्रसंग अगदी निराळ्या रीतीने रंगविला. त्याच्या चित्रात मध्यभागी प्रभू आहे आणि दोन्ही बाजूंना शिष्य आहेत. मात्र त्यांचे डोळे बदामासारखे लांबट व टपोरे आहेत, देहाभोवती काजळाची जाड रेषा आहे आणि रंग आहेत ते गेरूचे, पिवळ्या मातीचे व निळीचे. खेड्यातील एखाद्या बाईने भिंतीवर काढावे, तसे ते चित्र साधे वाटते. आणि तरीही त्याच्यासमोर मन शांत होते.

हे चित्र रंगविणारे जामिनी रॉय ख्रिस्ती नव्हते. ते बंगालच्या खेड्यात वाढलेले हिंदू गृहस्थ होते. प्रभू येशू त्यांना ज्या वाटेवर भेटला, ती वाट खेड्यापाड्यातील चित्रे, मातीची खेळणी आणि लाकडी बाहुल्या यांच्यामधून जाणारी होती. त्या वाटेची ही कथा आहे.

लाल मातीचे गाव

जामिनी रॉय यांचा जन्म ११ एप्रिल १८८७ रोजी बंगालमधील बांकुरा जिल्ह्यातील बेलियातोड या गावी झाला. हा सारा मुलूख लाल मातीचा व सालवृक्षांच्या रानाचा. संथाळ आदिवासींची वस्ती जवळपास. याच जिल्ह्यात विष्णुपूर येथे मल्ल राजांनी बांधलेली भाजक्या मातीची मंदिरे आहेत. दगडाचा तुटवडा असल्यामुळे तेथील कारागिरांनी विटा रचून मंदिरे उभारली आणि त्यांच्या भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग मातीच्या तावदानांवर कोरले. जिल्ह्यातील पाँचमुरा गावचे कुंभार उंच मानेचे मातीचे घोडे घडवीत. नवस फेडण्यासाठी लोक असे घोडे ग्रामदेवतेला वाहत.

जामिनी यांचे वडील रामतारण रॉय यांना चित्रकलेची आवड होती. सरकारी नोकरी सोडून ते गावी परतले होते. लहानगा जामिनी कुंभाराच्या चाकाजवळ, सुताराच्या पडवीत आणि मूर्तिकारांच्या घोळक्यात रमत असे. सणावाराला घरातील स्त्रिया तांदळाच्या पिठाने अंगणात अल्पना रेखीत. गावोगाव फिरणारे पटुआ येत. पटुआ म्हणजे चित्रांची लांब गुंडाळी उलगडत गाऊन कथा सांगणारे कलावंत. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे चित्रकथी परंपरा आहे, तिचीच ही बंगाली बहीण म्हणता येईल. या पटुआंपैकी बहुतेक मुसलमान आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या ते हिंदू देवदेवतांच्या कथा रंगवीत व गात आले आहेत. आपल्या धर्मापलीकडील कथा श्रद्धेने रंगविता येते, हा धडा जामिनीबाबूंना बालपणीच डोळ्यांसमोर मिळाला होता, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

यश आणि अस्वस्थता

वयाच्या सोळाव्या वर्षी जामिनी कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. त्या काळी तेथे उपप्राचार्य होते अवनींद्रनाथ टागोर. भारतीय चित्रकलेला तिचा स्वतःचा चेहरा मिळावा, म्हणून झटणाऱ्या पिढीचे ते अग्रणी. शाळेतील शिक्षण मात्र युरोपीय पद्धतीचे होते. छायाप्रकाश, शरीराची प्रमाणबद्धता, तैलरंगांचा वापर हे सारे जामिनी यांनी मन लावून आत्मसात केले. त्यांचा हात इतका तयार झाला की धनिकांची व्यक्तिचित्रे काढून देण्याची कामे त्यांच्याकडे येऊ लागली. प्रपंचासाठी त्यांनी इतरही किरकोळ कामे केली.

कुटुंब वाढत होते आणि व्यक्तिचित्रांमुळे हाती पैसा येत होता. कुठल्याही तरुण चित्रकाराने समाधान मानावे, अशी ती परिस्थिती. परंतु जामिनीबाबू आतून अस्वस्थ होते. आपण काढतो ती चित्रे उत्तम असली, तरी ती आपली नाहीत, ही जाणीव त्यांना सतावीत होती. ज्या डोळ्यांनी युरोपातील चित्रकार जग पाहत, ते डोळे त्यांनी उसने घेतले होते. अवनींद्रनाथ आणि त्यांचे शिष्य अजिंठा, मोगल लघुचित्रे व जपानी चित्रे यांच्याकडे वळले होते. जामिनीबाबूंना ती वाटही आपली वाटली नाही.

तो काळ स्वदेशीच्या मंथनाचा होता. रवींद्रनाथ टागोरांनी बंगालची लोकगीते व बालगीते गोळा करण्याचा आग्रह धरला होता. अवनींद्रनाथांनी १९१९ मध्ये बंगालमधील व्रते व त्या वेळी काढली जाणारी अल्पना यांवर पुस्तक लिहिले. गुरुसदय दत्त हे सनदी अधिकारी खेड्यांतून पट, कांथा आणि बाहुल्या जमवू लागले. सुशिक्षितांना खेड्यातील कलेचा नव्याने शोध लागत होता. जामिनीबाबूंना मात्र तिचा शोध घ्यावा लागला नाही. त्यांना केवळ घरी परतायचे होते.

कालीघाटच्या वाटेवर

१९२० नंतरच्या काही वर्षांत, वयाची तिशी ओलांडल्यावर, त्यांनी हळूहळू आपली वाट बदलली. प्रथम त्यांनी संथाळ स्त्रियांची व त्यांच्या नृत्यांची चित्रे काढली. त्यांत छायाप्रकाश कमी होत गेला व रेषा बळकट होत गेली. मग त्यांची पावले कोलकात्यातीलच कालीघाटकडे वळली.

कालीमातेच्या मंदिराभोवती एकोणिसाव्या शतकात पटुआंची वस्ती झाली होती. यात्रेकरूंना घरी नेता यावीत, म्हणून हे पटुआ स्वस्त कागदावर देवदेवतांची चित्रे झरझर काढीत. कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात खांद्यापासून हातापर्यंतची रेषा उमटे. देवांबरोबरच ते शहरातील बाबू लोकांच्या छानछोकीची थट्टाही रंगवीत. परंतु यंत्रावर छापलेली रंगीत चित्रे बाजारात आली आणि या हातांचे काम गेले. मुंबईत १८९४ मध्ये स्थापन झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील चित्रेही याच लाटेचा भाग होती. जामिनीबाबू कालीघाटच्या रेषेचा अभ्यास करू लागले, तेव्हा ही कला अखेरच्या घटका मोजत होती.

कालीघाटच्या पटुआंकडून त्यांनी रेषेचे सामर्थ्य घेतले. पण ते तेथे थांबले नाहीत. शहरात येऊन हे पटुआ शहराच्या आवडीनिवडीचे झाले, असे त्यांचे मत बनले. म्हणून ते आणखी मागे, बांकुरा व आसपासच्या खेड्यांकडे गेले. त्यांनी गावोगावचे पट जमविले, लाकडी बाहुल्यांचा व विष्णुपूरच्या मातीच्या तावदानांचा बारकाईने अभ्यास केला. बाहुली घडविणारा सुतार कान-नाक तपशिलात कोरत बसत नाही. तरीही बाहुली आई आहे की राणी, हे मुलाला कळते. अनावश्यक ते सारे गाळून नेमके तेवढेच ठेवण्याची ही शक्ती जामिनीबाबूंना हवी होती.

या निर्णयाची किंमत मोठी होती. तैलरंगातील व्यक्तिचित्रांची मिळकत थांबली. नव्या धाटणीची चित्रे घ्यायला सुरुवातीला फारसे कोणी पुढे येईना. घरात ओढगस्त आली. कलाशाळेचे पहिले भारतीय प्राचार्य मुकुल डे यांनी १९२९ मध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्यानंतर १९३१ मध्ये जामिनीबाबूंनी बागबाजारातील आपल्या राहत्या घरीच प्रदर्शन मांडले. विदुषी स्टेला क्रामरिश यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर त्यांनी बंगाली खेड्यातल्या घरासारखे सजविले होते. विशेष म्हणजे स्वतःच्या चित्रांबरोबर त्यांनी खेड्यातील पटुआंची चित्रेही तेथे लावली. ज्यांच्याकडून आपण शिकलो, त्यांना त्यांनी आपल्या शेजारी मान दिला.

चिंचोक्याची खळ आणि सात रंग

जामिनीबाबूंनी केवळ शैली बदलली नाही, तर साहित्यही बदलले. विलायती रंगांच्या नळ्या व किमती कॅनव्हास त्यांनी बाजूला ठेवले. ते प्रामुख्याने सात रंग वापरीत : गेरूसारखा तांबडा, पिवळा, हिरवा, शेंदरी, राखाडी, निळा आणि पांढरा. हे रंग दगडांची पूड, नदीकाठची माती, नीळ, हिंगूळ, खडू अशा पदार्थांपासून तयार होत. रंग घट्ट बसावा, म्हणून त्यात चिंचोक्याची खळ मिसळली जाई. बाह्यरेषेसाठी दिव्याची काजळी असे. जाडेभरडे कापड, कागद, लाकडाची फळी आणि विणलेली चटईसुद्धा चित्रासाठी चाले. कापडावर माती, शेण व चुना यांचा लेप देऊन ते चित्रासाठी सिद्ध केले जाई.

यात नुसता साधेपणाचा हव्यास नव्हता. ज्या वस्तू खेड्यातील कारागिराला हाताशी मिळतात, त्यांनीच आपण काम करावे, असा त्यांचा आग्रह होता. साहित्य महाग झाले की चित्र महाग होते. चित्र महाग झाले की ते सामान्य घराच्या भिंतीवर येत नाही. म्हणून त्यांनी आपल्या चित्रांची किंमत मुद्दाम कमी ठेवली. मध्यमवर्गीय गृहस्थाला चित्र विकत घेता यावे, ही त्यांची इच्छा होती. पुढे कोलकात्यातील कितीतरी साध्या घरांत त्यांची चित्रे पोहोचली.

रंगांतून उमटलेला ख्रिस्त

१९३० चे दशक संपत आले, त्या सुमारास जामिनीबाबू प्रभू येशूच्या जीवनाकडे वळले. पुढील अनेक वर्षे हा विषय त्यांच्या कुंचल्याला सुटला नाही. माता आणि बालक, प्रभू व त्याचे शिष्य, शेवटचे भोजन, क्रूसावरील मरण, असे प्रसंग त्यांनी पुन्हा पुन्हा रंगविले.

एका हिंदू चित्रकाराला हा विषय का घ्यावासा वाटला? लोककलेच्या मुळाशी साऱ्या समाजाने मनापासून जपलेली एखादी कथा असते, अशी त्यांची धारणा होती. पटुआ कृष्णाची वा रामाची कथा रंगवितो, तेव्हा गावाचा तिच्यावर विश्वास असतो. म्हणूनच त्या साध्या रेषेला बळ येते. मग जी कथा आपल्या जन्मापासूनची नाही, तिलाही ही रेषा पेलू शकेल का, हे त्यांना पाहायचे होते. प्रभू येशूची कथा ही त्यांच्या कलेची कसोटी ठरली.

त्या कसोटीला ते कसे उतरले, हे चित्रे पाहिल्यावर कळते. त्यांचा येशू आपल्याकडे थेट पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर वेदनेचे नाट्य नाही. रक्ताचे ओघळ, आक्रोश, काळवंडलेले आकाश यांपैकी काहीही रंगविण्याचा मोह त्यांना झाला नाही. टपोऱ्या डोळ्यांतील स्थिर शांतता मात्र पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती परंपरेतील पवित्र प्रतिमांची येथे आठवण होते. त्या प्रतिमांतही देह हुबेहूब दाखविण्यापेक्षा पावित्र्य सुचविण्याला महत्त्व असे. बांकुऱ्याचा पटुआ आणि बिझॅंटाइन प्रतिमाकार यांची कधी भेट झाली नाही. परंतु जामिनीबाबूंच्या चित्रांत ते एकमेकांच्या शेजारी बसलेले दिसतात.

त्यांची पवित्र मरिया आणि बाळ येशू यांची चित्रे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी यशोदा व कृष्ण, गणेश व त्याची माता, तसेच साधी खेडवळ आई व तिचे मूल हेही विषय रंगविले आहेत. या साऱ्या चित्रांतील आईच्या कुशीचा आकार जवळजवळ एकच आहे. आईपण रंगविताना त्यांनी धर्माच्या भिंती उभ्या केल्या नाहीत. आपल्या श्रद्धेची वैशिष्ट्ये आपल्याला प्रिय आहेतच. पण शेजाऱ्याने आपल्या पवित्र मातेकडे इतक्या मायेने पाहावे, ही आनंदाची बाब नव्हे काय?

ही चित्रे जेव्हा रंगविली जात होती, तेव्हा भारतातील बहुतेक ख्रिस्तमंदिरांतील मूर्ती व चित्रे युरोपीय चेहऱ्यामोहऱ्याची होती. योगायोगाने त्याच काळात अवनींद्रनाथांचेच एक शिष्य, गोव्यातील सांतु इस्तेव्हांव येथे १९०२ मध्ये जन्मलेले कॅथलिक चित्रकार आंजेलो द फोन्सेका, पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडी नेसलेली मरिया रंगवीत होते. त्याबद्दल स्वकीयांची टीका त्यांना सोसावी लागली. जामिनीबाबू व फोन्सेका यांच्या वाटा निराळ्या होत्या. पण प्रभू येशू याही मातीचा आहे, हे दोघांच्या चित्रांनी दाखवून दिले. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीच्या आपल्या दस्तऐवजात सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलांना ख्रिस्तसभेत स्थान असल्याचे स्पष्ट केले. तोवर या कलावंतांनी आपले बरेचसे काम करून ठेवले होते.

सही कोणाची?

१९३४ मध्ये अखिल भारतीय प्रदर्शनात जामिनीबाबूंना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. सुधींद्रनाथ दत्त व विष्णू दे या बंगाली कवींनी त्यांच्या कलेचे महत्त्व ओळखले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात आलेले इंग्रज व अमेरिकन सैनिक त्यांची चित्रे विकत घेऊन मायदेशी पाठवू लागले. १९४६ मध्ये लंडनमध्ये व १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची प्रदर्शने झाली.

मागणी वाढली, तेव्हा त्यांनी खेड्यातील कारागिरांच्या घरी चालते तसेच काम सुरू केले. कुंभाराच्या घरात सारे कुटुंब राबते. घोडा कोणाच्या हातचा, हे कोणी विचारीत नाही. जामिनीबाबूंच्या घरीही मुले व इतर सहकारी त्यांच्या मूळ रेखाटनांवरून चित्रे तयार करीत. एकच चित्र अनेकदा काढले जाई. त्यावर जामिनी रॉय यांची सही असे.

यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. चित्रकार स्वतःचीच नक्कल करतो, कलेचा कारखाना झाला, असे आक्षेप घेतले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर कोणते चित्र त्यांच्या हातचे व कोणते इतरांचे, हे ठरविणे जाणकारांना अवघड होऊन बसले. या आक्षेपांत तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. खेड्यातील कुंभार आपल्या घोड्यावर सही करीत नाही. जामिनीबाबूंच्या चित्रांवर मात्र सही होती आणि तिच्यामुळेच चित्राला बाजारात मोल येत होते. शिवाय ज्या पटुआंची रेषा त्यांनी घेतली, त्यांचे दारिद्र्य त्यांच्या कीर्तीने संपले नाही. कारागिरांसारखे जगू पाहणाऱ्या या थोर कलावंताच्या जीवनातील ही विसंगती होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. एकमेव चित्राचा मालक होण्याचा धनिकांचा मान त्यांनी नाकारला. एकाच चित्राच्या अनेक प्रती काढून त्यांनी ते अनेक घरांत पोहोचविले. पटुआही तेच करीत आले होते.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये जामिनीबाबू बागबाजार सोडून दक्षिण कोलकात्यातील बालीगंज येथे स्वतःच्या घरात राहायला गेले. अंगावर साधे धोतर, जमिनीवर बैठक, भोवती रंगांच्या वाट्या, अशी त्यांची राहणी अखेरपर्यंत राहिली. १९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पुढच्याच वर्षी ललित कला अकादमीने त्यांना आपले अधिछात्र म्हणून गौरविले. परदेशांतून पाहुणे त्यांच्या भेटीला येत. स्वतः ते मात्र परदेशी गेले नाहीत.

२४ एप्रिल १९७२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. १९७६ मध्ये त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेवा म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. बालीगंजच्या त्यांच्या घराचे संग्रहालय करण्याचा संकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला.

आपल्यासाठी

जामिनी रॉय यांच्या जीवनाकडे पाहताना आपल्या धर्मग्रामांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या आसपासही हातांची कला आहे. पालघर जिल्ह्यातील वारली बांधव सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. बुरूड बांबूच्या पाट्या विणतात, कुंभार माती मळतात. नाताळचा गोठा उभारताना घरातील मुले गवत, माती व पुठ्ठा गोळा करतात. हे सारे आपण पाहतो; पण त्यात प्रभूचे रूप दिसू शकेल, असे आपल्याला सहसा वाटत नाही. साच्यातून निघालेली चकचकीत मूर्ती आपल्याला अधिक पवित्र वाटते.

जामिनीबाबू ख्रिस्तमंदिरात उपासनेला येणारे नव्हते. तरीही शुभवर्तमानातील प्रसंग रंगविताना त्यांनी आपल्या गावची उत्तमातील उत्तम गोष्ट पुढे केली : कुंभाराचा आकार, पटुआची रेषा, पायाखालची माती. बेथलेहेमच्या गव्हाणीत जन्मलेला आणि नाझरेथच्या सुताराच्या घरी हातांनी काम करीत वाढलेला प्रभू त्या मातीच्या रंगांत परका वाटत नाही. यंदाच्या नाताळात गोठ्यासाठी बाजारातून तयार मूर्ती आणण्यापूर्वी घरातील मुलांच्या हाती थोडी ओली माती द्यावी. त्यांनी घडविलेला मेंढपाळ कदाचित वेडावाकडा असेल. पण तो आपल्या घरचा असेल.